शब्दांच्या जाती : एका शिक्षकाचा कबुलीजबाब

१९६८ च्या जून महिन्यात दारव्हा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात इंग्रजीचा शिक्षक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझ्या ट्रंकेत नेसफील्डचे व्याकरण, तर्खडकरांची भाषांतरमाला आणि मी स्वतः रात्र रात्र जागून आखलेले आठ रकान्यांचे एक कोष्टक, एवढेच काय ते भांडवल होते. आणि त्या तिहींपैकी पहिल्या दोहोंवर माझी श्रद्धा असली, तरी अभिमान मात्र मला तिसऱ्याचाच वाटत असे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशा आठ जातींचे आठ रकाने करून प्रत्येकात नित्य परिचयाचे इंग्रजी शब्द मी भरले होते. प्रार्थना आटोपून मुले वर्गात बसली म्हणजे, मोतीबाग स्टेशनाकडून मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत, ते कोष्टक त्यांच्याकडून एका सुरात म्हणवून घेण्याचा परिपाठ मी सहा वर्षे अव्याहत चालविला. परीक्षेत सुटे शब्द देऊन त्यांची जात विचारीत, माझे विद्यार्थी ती अचूक सांगत, आणि निकालाच्या दिवशी पालक माझ्याकडे कृतज्ञ दृष्टीने पाहत. यात काही उणे आहे, अशी शंकाही मला कधी आली नाही.

आपल्या व्याकरणाने या वर्गांना 'शब्दांच्या जाती' असे नाव दिले आहे, आणि माझ्या चुकीचे मूळ काही अंशी त्या नावात आहे असे मला आज वाटते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि तेथील आठ वर्गांची मांडणी त्यांनी मराठीला लावून दाखविली. ते कार्य एवढे मोठे आहे की त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात ते यथार्थच होय. परंतु 'जात' हा शब्द आपल्या समाजात ज्या अर्थाने रुजला आहे तो अर्थ जन्माशी निगडित, मरेपर्यंत न सुटणारा आणि मनुष्याच्या कामाकडे पाहून न बदलणारा असा आहे. मी तोच अर्थ नकळत शब्दांना चिकटविला, आणि प्रत्येक इंग्रजी शब्द जन्मतः कोणत्या तरी एका रकान्यातला असतो, त्या रकान्याची पाटी त्याच्या गळ्यात एकदा बांधली म्हणजे शिक्षकाचे कर्तव्य संपले, असे समजून चाललो.

१९७४ च्या भाद्रपदात जे घडले ते मी येथे प्रथमच लिहीत आहे.

नवव्या वर्गात एक शेतकऱ्याचा मुलगा होता. शांत, मेहनती, आणि माझे कोष्टक ज्याला सर्वांत आधी पाठ झाले असा. त्यांच्या घरी सहा एकर कपाशी होती आणि त्या काळी बोंडअळीवर एंड्रिन फवारीत असत. डब्याबरोबरचे मराठी माहितीपत्रक पावसात भिजून त्याचा लगदा झाला होता, म्हणून बापाने डब्यावरचा इंग्रजी मजकूर वाचून सांगण्याचे काम मोठ्या विश्वासाने या मुलावर सोपविले. त्या मजकुरात 'डू नॉट एम्प्टी इन्टू अ वेल' असे एक वाक्य होते. उरलेले औषध विहिरीत ओतू नका, एवढाच त्याचा सरळ अर्थ. परंतु माझ्या कोष्टकात 'एम्प्टी' हा शब्द विशेषणांच्या रकान्यात होता, अर्थ 'रिकामा'. आणि 'वेल' क्रियाविशेषणांच्या रकान्यात होता, अर्थ 'चांगल्या रीतीने'. मुलाने पाठ केलेल्या त्या दोन अर्थांची, 'नॉट' आणि 'इन्टू' यांच्याशी प्रामाणिकपणे सांगड घातली आणि बापाला सांगितले की डबा आत चांगला रिकामा झालेला नाही, असे येथे म्हटले आहे. महागाचे औषध वाया जाऊ नये म्हणून बापाने तो डबा विहिरीच्या काठावर नेऊन दोनदा खळखळून धुतला आणि ते पाणी पंपात घेतले. जे सांडले ते काठावरून ओघळत विहिरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत बेडूक आणि लहान मासोळ्या उताण्या पडून तरंगत होत्या. पाणी शेंदण्यापूर्वी ते एका म्हातारीच्या दृष्टीस पडले म्हणून माणसांच्या जिवावरचे संकट टळले; तरी विहीर उपसण्यासाठी उसने इंजिन आणून पाच दिवस चालवावे लागले, गुरे दूरच्या नाल्यावर न्यावी लागली, आणि त्या घरच्या बायकांना पोळ्याच्या पुढले पंधरा दिवस परक्या विहिरीवर खेपा घालाव्या लागल्या. त्या गृहस्थांना मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला बाजेवर बसविले, पाणी दिले आणि म्हणाले, "गुर्जी, पोरानं मनानं नाई जी सांगतलं, वाचूनच सांगतलं होतं." त्यांच्या स्वरात आरोप नव्हता, मुलावर रागवू नये एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा आतून वही घेऊन आला. त्याने काही न बोलता ते पान माझ्यापुढे उघडून धरले. 'एम्प्टी – विशेषण. वेल – क्रियाविशेषण.' दोहोंपुढे माझ्या हातची लाल शाईची बरोबरची खूण होती.

त्या पानाने मला जे शिकविले ते माझ्या पदवीने शिकविले नव्हते.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुटीत मी प्रथम स्वतःला विचारलेला प्रश्न असा होता की, मराठी शिकविताना हा घोटाळा होत नाही आणि इंग्रजीत मात्र होतो, हे का? उत्तर शोधता शोधता ध्यानात आले की मराठीत शब्द आपली ओळख बव्हंशी आपल्या अंगावर वागवितो. 'विहीर' हे नाम वाक्यात शिरताच 'विहिरीत', 'विहिरीला', 'विहिरीचे' असे सामान्यरूप धारण करते. 'ओतणे' हे क्रियापद 'ओततो', 'ओतली', 'ओतू' असे आख्यातांचे वेष घेते. आणि म्हणून वाक्यातील शब्दांचा क्रम जरी उलटापालटा केला, तरी कोणी कोणावर काय केले हे बहुधा अंधारात राहत नाही. संस्कृताची घडणही तशीच, आणि म्हणूनच पाणिनीला पदांचे सुबन्त आणि तिङन्त असे दोन मुख्य विभाग अन्त्य प्रत्ययांवरून करता आले. इंग्रजीचाही पूर्वज असाच प्रत्ययसंपन्न होता. जुन्या इंग्रजीत प्रेम या अर्थाचे नाम 'लुफु' आणि प्रेम करणे हे क्रियापद 'लुफिअन' अशी दोन निरनिराळी रूपे होती. पुढे काही शतकांत हे अन्त्य प्रत्यय झिजत गेले आणि आज दोहोंसाठी 'लव्ह' हे एकच रूप उरले आहे. ज्या भाषेने अंगावरचा वेष टाकला, तिच्यात शब्दाला ओळखण्यासाठी तो कोठे उभा आहे आणि तेथे काय करीत आहे, हेच पाहावे लागते. एकटा, वाक्याबाहेर काढलेला 'एम्प्टी' हा नाव-गाव नसलेल्या इसमासारखा आहे. त्याच्याविषयी कोणताही दाखला देणे हा खोटा दाखला ठरण्याचा संभव आहे.

आणि मराठीतही ही गोष्ट सर्वस्वी अपरिचित आहे असे नाही. आमच्या कपाशीच्या मुलखात तर मुळीच नाही. 'यंदा कपाशीचा पेरा वाढला' यात 'पेरा' हे नाम आहे आणि 'आता पाऊस झाला, पेरा' यात तेच अक्षरशः क्रियापद आहे. 'औषधाचा फवारा' आणि 'औषध फवारा' यांतला भेद यवतमाळ जिल्ह्यातले पाचव्या वर्गातले मूलही क्षणार्धात सांगते, कारण तेथे त्याने कोष्टक पाठ केलेले नसते, वाक्य ऐकलेले असते. इंग्रजीतला 'स्प्रे' अगदी याच दोन्ही कामांना लागतो. मुलाच्या घरी असलेले हे ज्ञान शाळेत वापरण्याऐवजी मी ते दाराबाहेर ठेवून आत परके कोष्टक आणले, ही माझी खरी चूक. आणि जे कोणी आज इंग्रजी शिकवितात वा शिकतात त्यांनी आरंभ येथूनच करावा असे मला कळकळीने सांगावयाचे आहे.

म्हणून वाक्य हाती येताच प्रथम क्रियापद शोधावे. त्यासाठी मला सर्वांत विश्वासाची वाटलेली कसोटी कालाची आहे: वाक्यात 'यस्टर्डे' हा शब्द घालून पाहावा आणि कोणत्या शब्दाचे रूप बदलते ते न्याहाळावे. 'दे एम्प्टी द टिन' याचे 'दे एम्प्टीड द टिन यस्टर्डे' असे होते, म्हणजे तेथे 'एम्प्टी' हे क्रियापद. परंतु 'द टिन इज एम्प्टी' याचे 'द टिन वॉज एम्प्टी यस्टर्डे' होते, 'एम्प्टी' जागचा हालत नाही, बदलतो तो 'इज', म्हणून तेथे 'एम्प्टी' हे विशेषण. आज्ञार्थी वाक्यांत ही कसोटी चालत नाही, पण त्यांना तिची गरजही नाही; 'डू नॉट' या दोन शब्दांच्या पाठोपाठ क्रियापदच यावे लागते, मग तो शब्द आपल्या ओळखीचा अन्य कोणी असो. डबे, बाटल्या, खतांची पोती आणि यंत्रे यांच्यावरील मजकूर बहुतेक सर्व आज्ञार्थी असतो, आणि तेथे आपल्या मुलांची हटकून फसगत होते, कारण 'स्टोअर' म्हणजे दुकान आणि 'हँडल' म्हणजे सायकलीचे, असे ती लहानपणापासून ऐकत आलेली असतात. तेथे मात्र 'स्टोअर' म्हणजे साठवून ठेवा आणि 'हँडल' म्हणजे हाताळा. वाक्याच्या तोंडाशी आलेल्या अशा शब्दाकडे, तो नाम आहे असे गृहीत न धरता, हा मला काही करावयास तर सांगत नाही ना, अशा दृष्टीने पाहावे.

नामाचा माग काढणे त्याहून सोपे आहे. 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'युवर' अशा शब्दांनी एक दार उघडते, आणि त्या दाराने आत गेलेली रांग बहुधा नामावर येऊन थांबते; मध्ये जे असतात ते त्या नामाचे वर्णन करणारे. 'इन्टू अ वेल' यातील त्या एकाक्षरी 'अ' कडे बोट दाखवून, याच्या पाठीमागे नाम आलेच पाहिजे, एवढे जरी मी त्या मुलाला सांगितले असते, तरी 'वेल' म्हणजे 'चांगल्या रीतीने' हा अर्थ त्याने तत्क्षणी टाकून दिला असता.

या 'वेल' शब्दाचा मी पुढे इतका विचार केला आहे की त्याच्यावर थोडे अधिक थांबल्यास वाचकांनी क्षमा करावी. 'द वेल इज डीप' येथे तो विहीर या अर्थी नाम आहे. 'शी सिंग्ज वेल' येथे क्रियाविशेषण. 'माय मदर इज वेल' येथे प्रकृती ठीक असलेली या अर्थी विशेषण. 'टिअर्स वेल अप' येथे, डोळ्यांत पाणी दाटून येणे या अर्थी, क्रियापद. आणि 'वेल, लेट अस गो' येथे 'बरे तर' या अर्थी केवलप्रयोगी. आठांपैकी पाच रकाने या एका शब्दाने व्यापले आहेत. १९७५ पासून निवृत्तीपर्यंत नव्या वर्गाला व्याकरणाचा पहिला पाठ मी याच पाच वाक्यांनी दिला, आणि पाठ देताना त्याचे कारण मात्र मुलांना सांगितले नाही.

शब्दाच्या शेपटावरून जात ओळखण्याची जी सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे ती सर्वस्वी टाकाऊ नाही, पण तिचा निकाल अंतिम मानू नये. 'ली' ने शेवट होणारा शब्द क्रियाविशेषण, असे मीही घोकून घेत असे. परंतु 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणे आहेत आणि 'डेली' प्रसंगाप्रमाणे विशेषण, क्रियाविशेषण किंवा वर्तमानपत्र या अर्थी नामही होते. उलट 'हार्ड' ला शेपूट नसूनही 'ही वर्क्स हार्ड' यात ते क्रियाविशेषण आहे. एका होतकरू तरुणाने नोकरीच्या अर्जाचा मसुदा मला दाखविला होता. आपण कष्टाळू आहोत हे सांगण्यासाठी, शेपटाच्या नियमावर भिस्त ठेवून, त्याने 'आय हार्डली वर्क' असे लिहिले होते, ज्याचा अर्थ 'मी क्वचितच काम करतो' असा होतो. मसुदा वेळीच दुरुस्त झाला म्हणून ठीक. असे किती अर्ज न दुरुस्त होता दप्तरी दाखल होत असतील, या विचाराने मन आजही अस्वस्थ होते.

'इंग' च्या बाबतीतही तेच. आमच्या जिल्ह्यातील जिनिंगचा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून मी तोच घेतो: 'द मेन आर जिनिंग कॉटन' यात तो क्रियापदाचा भाग आहे, 'जिनिंग बिगिन्स इन नोव्हेंबर' यात तो वाक्याचा कर्ता म्हणून नामाच्या जागी आहे, आणि 'अ जिनिंग मिल' यात मिल कोणती ते सांगतो.

या शेवटच्या उदाहरणावरून माझ्या दुसऱ्या चुकीची हकीकत सांगितली पाहिजे. विहिरीच्या प्रसंगानंतर, शब्दाचे काम पाहावे, या तत्त्वाच्या मी इतका आहारी गेलो की 'कॉटन मार्केट' यातील 'कॉटन' हे मार्केटविषयी माहिती देते, अर्थात ते विशेषण, असे मी कित्येक वर्षे निःशंकपणे सांगत राहिलो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग 'व्हेरी कॉटन' असे का म्हणता येत नाही?" प्रश्न बिनतोड होता. खऱ्या विशेषणांपैकी पुष्कळांना 'व्हेरी' लावता येते, त्यांची तर-तम रूपे होतात, आणि 'इज' नंतर एकटे उभे राहून ती गुण सांगू शकतात; 'कॉटन' यांपैकी काहीही त्या ठिकाणी करू शकत नाही. ते नामच आहे, केवळ दुसऱ्या नामाच्या पुढे उभे राहून त्याला विशेषणासारखे साहाय्य करीत आहे, जसे आपण 'कापूस बाजार' म्हणतो तरी 'कापूस' नामच राहतो. तेव्हा केवळ काम पाहूनही भागत नाही. शब्दाचे रूप, त्याचे स्थान आणि त्याचे काम या तिघांची साक्ष घ्यावी आणि दोघे एकमत झाल्याखेरीज निवाडा करू नये.

हे वर्ग तरी कोठे अचल आहेत? यास्काने 'निरुक्ता'त नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच मानले. ग्रीक व्याकरणपरंपरेने आठ सांगितले, पण त्यांत विशेषण स्वतंत्र नव्हते, ते नामातच मोडत असे. रोमन पंडितांच्या भाषेत 'द' सारखे उपपद नव्हते, म्हणून त्यांनी तो वर्ग गाळून त्याच्या जागी केवलप्रयोगी घातला आणि आठ ही संख्या कायम राखली. आजचे इंग्रजी वैयाकरण 'अ', 'द', 'धिस' यांचा निराळाच वर्ग करतात. ज्यांना या विषयाचे भय वाटते त्यांना हे सांगण्यात माझा हेतू इतकाच की, हे रकाने मनुष्याने सोयीसाठी पाडलेले आहेत.

शब्दयोगी अव्ययांविषयी एवढेच सांगतो की आपली ती नामाच्या मागून येतात आणि इंग्रजीची पुढून. 'घरात' चे 'इन द हाऊस' होते. पुढे नाम असेल तर ते शब्दयोगी, नसेल तर, 'कम इन' मधल्याप्रमाणे, बहुधा क्रियाविशेषण. उच्चाराकडेही कान असावा: बाजार समितीच्या इंग्रजी नावातील 'प्रॉड्यूस' हा शेतमाल या अर्थी नाम असताना आघात पहिल्या अवयवावर पडतो, आणि उत्पन्न करणे या अर्थी क्रियापद होताच दुसऱ्यावर जातो, 'रेकॉर्ड' आणि 'ऑब्जेक्ट' यांचेही असेच आहे. शब्दकोश अवश्य पाहावा, परंतु वाक्यातले स्थान ठरविल्यानंतर. कोशात एका शब्दाखाली चार जाती दिलेल्या असतात आणि अनभ्यस्त मूल नेहमी पहिलीच उचलते.

निवृत्तीपूर्वीची काही वर्षे मी केळापूर भागात होतो. तेथे माझ्या वर्गात कोलामांच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, येणारी आणि तांड्यांवरून येणारी मुले असत. घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या या मुलांना 'उभयान्वयी' आणि 'क्रियाविशेषण' ही नावे इंग्रजीइतकीच परकी असतात, आणि एका परक्या भाषेचे कुलूप दुसऱ्या परक्या भाषेच्या किल्लीने उघडण्याचा भार आपण त्यांच्यावर घालतो. मी त्यांना नावे शेवटी सांगत असे. आधी प्रश्न विचारीत असे: या वाक्यात कोण? काय केले? कसे केले? कोठे? कोणते? ज्याला उत्तरे देता आली त्याला नावे आठ दिवसांत आली.

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, हातमोजे आणि मुखपट्टी यांचा अभाव, अशी त्याची कारणे सांगितली गेली. त्या दुःखाचा संबंध माझ्या व्याकरणाशी जोडण्याचे धार्ष्ट्य मी करणार नाही. पण त्या दिवसांत जो डबा माझ्या हाती आला त्याच्यावरचा रंगीत त्रिकोण पाहून, आणि त्याखालचा बारीक मजकूर कोणाच्या तरी मुलाला वाचून दाखवावा लागणार आहे हे जाणून, मी १९७४ सालच्या त्या वहीच्या पानाकडे पुनःपुन्हा परत जात होतो.

इंग्रजी शिकविणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, फळ्यावर किंवा कागदावर एकटा शब्द लिहून त्याची जात विचारू नका. त्याच्या मागेपुढे वाक्य लिहा. आणि शक्य असेल तर ते वाक्य मुलाच्या घरात असलेल्या एखाद्या डब्यावरचे, पोत्यावरचे वा पाकिटावरचे घ्या.

तो मुलगा आता साठी ओलांडलेला आहे आणि तीच सहा एकर शेती करतो. विहिरीला पाणी आहे.